प्रवासी हात आणि घरचा संगणक

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावर संगणकाचा विषय निघावा, याचे कोणाला नवल वाटल्यास ते स्वाभाविक आहे. परंतु ग्रंथालय आणि आजचा विषय यांचे नाते वरवर दिसते त्याहून जवळचे आहे. ग्रंथालयात पुस्तक एका जागी असते आणि वाचक दहा ठिकाणांहून त्याच्याकडे येतो. आजच्या विषयातही वस्तू एका जागी असते आणि तिचा उपयोग करणारा भलत्याच जागी. फरक इतकाच, की त्याला चालत यावे लागत नाही. घरातल्या टेबलावरचा संगणक टेबलावरच राहतो. त्याचा मालक रेल्वेच्या डब्यात, परगावच्या लॉजवर किंवा परदेशी लेकीच्या घरी असतो, आणि हातातल्या टॅब्लेटवर बोट फिरवून तो घरचा संगणक चालवतो. यालाच दूरस्थ नियंत्रण म्हणतात. ही किमया कशी घडते, ती कोठून आली आणि तिच्यापासून कोणते भय आहे, या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना असे वाटते, की या सोयीमुळे घरच्या संगणकातील सारा ऐवज टॅब्लेटमध्ये उतरतो. वस्तुस्थिती तशी नाही. कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेब, सारे काही घरीच राहते. इकडे येते ते केवळ घरच्या पडद्यावरचे चित्र, आणि इकडून तिकडे जाते ती केवळ बोटाची खूण. या ठिकाणी दाबले, हे अक्षर टंकले, एवढाच निरोप. हिशेब करण्याचे काम घरचे यंत्रच करते. चित्र आणि खूण या दोहोंना ये-जा करू देणारी तिसरी गोष्ट म्हणजे किल्ली, अर्थात परवलीचा शब्द. चित्र, खूण आणि किल्ली एवढ्या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या, की या विषयातील बहुतेक गुंतागुंत उलगडते.

यांपैकी खूण सर्वांत जुनी. १९३७ साली बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधील जॉर्ज स्टिबिट्झ या गणितज्ञाने घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर, टेलिफोन केंद्रात वापरतात तशा विद्युत्‌चुंबकीय कळा जोडून, बेरीज करणारे एक लहानसे यंत्र तयार केले. स्वयंपाकघराच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून त्याला पुढे ‘मॉडेल के’ असे नाव मिळाले. त्यातून सॅम्युएल विल्यम्स या अभियंत्याच्या साहाय्याने संमिश्र संख्यांची गणिते सोडवणारे मोठे यंत्र न्यूयॉर्कमध्ये उभे राहिले. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकन गणित परिषदेचे अधिवेशन हॅनोव्हर येथील डार्टमथ कॉलेजात भरले होते. तेथे यंत्र नेणे शक्य नव्हते. म्हणून सभागृहात एक टेलिप्रिंटर ठेवण्यात आला आणि तारेने तो न्यूयॉर्कच्या यंत्राशी जोडण्यात आला. उपस्थितांनी गणित टंकावे, ते शेकडो किलोमीटर दूर सोडवले जावे आणि उत्तर त्याच कागदावर उमटावे, असा तो प्रयोग होता. नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉकली हे दोघे त्या सभेला हजर होते. दूरच्या गणनयंत्राकडून तारेवरून काम करून घेण्याचा हा पहिला जाहीर प्रसंग मानला जातो. आज ज्याला संगणक म्हणतात तो जन्माला येण्यापूर्वीच त्याला दुरून राबवण्याची युक्ती जन्माला आली होती, हे लक्षणीय आहे.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी खुणेला चित्राची जोड मिळाली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे हजार श्रोत्यांसमोर एक प्रात्यक्षिक दाखवले. आज घरोघरी दिसणारा ‘माउस’ लोकांनी त्या दिवशी प्रथम पाहिला. परंतु एंगलबार्ट व्यासपीठावर बसून जो संगणक चालवत होते तो त्या इमारतीत नव्हताच, हे त्या प्रात्यक्षिकाच्या वर्णनात बहुधा सांगितले जात नाही. तो सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटरवर मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत होता. सूक्ष्मलहरींवरून चित्र इकडे येत होते आणि टेलिफोनच्या तारेवरून खुणा तिकडे जात होत्या.

तिसरा प्रसंग २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्रीचा. आजच्या इंटरनेटचे मूळ असलेल्या अर्पानेट या जाळ्यावरून त्या रात्री पहिला निरोप गेला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत चार्ली क्लाइन हा विद्यार्थी बसला होता. मेन्लो पार्कच्या त्याच संस्थेतील संगणकात प्रवेश मिळवण्यासाठी तो ‘लॉगिन’ हा शब्द टंकू लागला. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र कोसळले. तासाभराने दुरुस्ती होऊन पूर्ण प्रवेश मिळाला. इंटरनेटवरचा पहिला शब्द नमस्कार नव्हता, शुभेच्छा नव्हती. ती दुसऱ्याच्या यंत्राचे दार उघडण्याची विनंती होती. या जाळ्याच्या मुळाशीच दूरस्थ प्रवेशाची आकांक्षा होती, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

आजच्या टॅब्लेटवरील सोयीचा थेट पूर्वज मात्र इंग्लंडातील केंब्रिज येथे सापडतो. तेथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात ‘व्हिडिओटाइल’ नावाचे एक उपकरण होते. सपाट पडदा, लिहिण्यासाठी एक लेखणी आणि जाळ्याला जोडणारी तार, एवढाच त्याचा संसार. त्याला स्वतःची बुद्धी जवळजवळ नव्हती. दूरच्या संगणकाचे चित्र दाखवावे आणि लेखणीच्या खुणा परत पाठवाव्यात, इतकेच त्याचे काम. त्या अनुभवातून ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि अँडी हॉपर यांच्या चमूने ‘व्हीएनसी’ ही प्रणाली घडवली आणि १९९८ साली ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. यातील स्टॅफर्ड-फ्रेझर यांचे नाव दुसऱ्या एका गमतीदार कारणानेही लक्षात राहण्याजोगे आहे. १९९१ साली केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे भांडे भरलेले आहे की रिकामे, हे जागेवरून न उठता पाहता यावे म्हणून भांड्यासमोर कॅमेरा लावण्यात आला. त्याचे चित्र दाखवणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. दुरून पाहण्याची इच्छा अशी कॉफीच्या भांड्यापाशीही उगवते.

व्हीएनसीमागची कल्पना इतकी साधी आहे, की ती आपल्याकडच्या रांगोळीच्या उदाहरणाने सांगता येईल. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी होय. आजच्या सामान्य पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, आणि प्रत्येकाचा रंग सांगण्यास तीन अंक लागतात. असे संपूर्ण चित्र सेकंदाला तीस वेळा पाठवावयाचे म्हटले, तर साध्या जोडणीचा दम तुटेल. म्हणून सारी रांगोळी पुन्हा पाठवावयाची नाही. जेवढा चौकोन बदलला असेल तेवढाच, तोही आकुंचित करून पाठवावयाचा. एखाद्या पत्रात एक शब्द नवा टंकला, तर त्या शब्दाएवढीच जागा प्रवास करते. यामुळेच शांत लिखापढीचे काम सामान्य मोबाइल जोडणीवरही निभावते, आणि हलता चित्रपट पाहू जाता तीच जोडणी अडखळू लागते.

मायक्रोसॉफ्टने २००१ साली विंडोज एक्सपीच्या व्यावसायिक आवृत्तीत ‘रिमोट डेस्कटॉप’ ही सोय अंगभूत दिली, आणि २०१० साली अ‍ॅपलचा आयपॅड बाजारात आल्यावर या सोयीला प्रवासात नेता येईल अशी पाटी मिळाली. बोट हे मात्र माउसच्या बाणासारखे टोकदार नसते. जे दाबावयाचे तेच त्याच्याखाली झाकले जाते. म्हणून अशा अ‍ॅपमध्ये बहुधा दोन पद्धती ठेवलेल्या असतात. एकीत बोट जेथे टेकवावे तेथेच दाबले जाते. दुसरीत सारा पडदा घासपाटीसारखा होतो आणि बोट सरकेल तसा लहानसा बाण सरकतो. बारीक अक्षरांच्या कामासाठी दुसरी पद्धत श्रेयस्कर. फार लिहावयाचे असल्यास सोबत एखादा छोटा सुटा कळफलक बाळगावा, हे उत्तम.

मराठी वाचकाला या सोयीचा एक विशेष उपयोग आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या कित्येक संस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि पुस्तकांच्या याद्या ‘श्रीलिपी’सारख्या जुन्या संचांतील अक्षरवळणांत टंकल्या गेल्या. त्या फायली टॅब्लेटवर उघडल्या, की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक सडा दिसतो, कारण ते अक्षरवळण टॅब्लेटजवळ नसते. दूरस्थ पद्धतीने तीच फाइल घरच्या किंवा संस्थेच्या संगणकावर उघडली, तर मजकूर सुबक मराठीत वाचता येतो. कारण उघड आहे. अक्षरे जुळवण्याचे काम तिकडचे यंत्र करते. इकडे येते ते जुळवून झालेले चित्र. मात्र लिहिताना उलटी अडचण येते. टॅब्लेटवरचा मराठी कळफलक एक खूण पाठवतो आणि घरचे यंत्र तिचा आपल्या रिवाजाने दुसराच अर्थ लावते. अशा वेळी टॅब्लेटवर इंग्रजी कळफलक ठेवून मराठीची मांडणी घरच्या संगणकावरच निवडली, तर बहुधा काम होते. अर्थात एका जुन्या यंत्राच्या भरवशावर संस्थेचा इतिहास ठेवणे शहाणपणाचे नव्हे. दूरस्थ नियंत्रण ही तात्पुरती काठी आहे. तो मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवणे हाच खरा उपाय होय.

आता मर्यादा. पहिली अशी, की झोपलेला संगणक हाकेला ओ देत नाही. त्याला जागे करण्याची एक युक्ती आहे. प्रत्येक यंत्राच्या जाळेजोडणीला स्वतःचा एक क्रमांक असतो. आरंभी ठरावीक सहा खुणा आणि मागोमाग तोच क्रमांक सोळा वेळा, असा एकशे दोन बाइटांचा निरोप पाठवला, की झोपलेले यंत्र जागे होते. हे जणू सोळा वेळा केलेले नामस्मरणच. मात्र ही हाक सामान्यतः त्याच घरातल्या जाळ्यावरून द्यावी लागते; म्हणून घरात दुसरे एखादे उपकरण जागे असावे लागते. आणि वीजच गेली असेल, तर कोणतेही नामस्मरण फळत नाही. वीज परतताच संगणक आपोआप सुरू व्हावा अशी तजवीज त्याच्या मूळ मांडणीत करता येते. ती प्रवासाला निघण्यापूर्वीच करून ठेवावी.

दुसरी मर्यादा निसर्गाने घातलेली आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे खूण जाऊन चित्र परत येण्यास सेकंदाचा आठवा हिस्सा लागणारच. वाटेतील वळणे आणि थांबे धरता प्रत्यक्षात अधिकच. बोट उचलल्यावर बाण थोडा मागाहून थांबतो तो यामुळे. उतावीळपणे दुसऱ्यांदा दाबू नये, एवढा संयम बाळगला म्हणजे पुरे.

तिसरी मर्यादा मानवी आहे, आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरण पृथ्वीबाहेरचे आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये मंगळावरील व्हायकिंग-१ या यानाला पृथ्वीवरून एक सदोष आज्ञा गेली. तिच्यामुळे अँटेनाची दिशा बदलली आणि सहा वर्षे निष्ठेने काम करणाऱ्या त्या यानाशी संपर्क कायमचा तुटला. घरच्या संगणकावरही हेच घडते. ‘रीस्टार्ट’ऐवजी ‘शट डाउन’ दाबले, किंवा ज्या जोडणीवरून आपण आत आलो तिचीच मांडणी बदलली, की दार आतून बंद झाले म्हणून समजावे. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्याचाच हा प्रकार. याच्या उलट उदाहरण व्हॉयेजर-१ चे. नोव्हेंबर २०२३ पासून ते यान निरर्थक अंक पाठवू लागले. त्याच्या स्मृतीतील एक चकती निकामी झाल्याचा शोध अभियंत्यांनी लावला, आणि तिच्यावरचा प्रोग्रॅम दुसरीकडे हलवण्याची आज्ञा १८ एप्रिल २०२४ रोजी पाठवली. सुमारे चोवीस अब्ज किलोमीटर अंतर तोडून संदेश पोचण्यास साडेबावीस तास लागले, तितकेच उत्तर येण्यास. २० एप्रिलला उत्तर आले आणि ते शुद्ध होते. १९७७ साली घरातून निघालेल्या यंत्राची ही दुरुस्ती! आज्ञा पाठवण्यापूर्वी तिचा दहादा विचार करणे, हेच या दोन उदाहरणांमधले अंतर आहे.

येथवर चित्राचा आणि खुणेचा विचार झाला. परंतु खरा प्रश्न किल्लीचा आहे. अनेकांनी मिळून एक संगणक वापरण्याची पद्धत १९६१ मध्ये एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी आणली, आणि प्रत्येकाचे काम खाजगी राहावे म्हणून परवलीचे शब्द योजले. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला नेमून दिलेला वेळ अपुरा वाटू लागला. त्याने सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. कुलूप निघाल्यावर किल्लीची नक्कल निघण्यास वर्षभरच लागले! दूरस्थ प्रवेशाच्या जुन्या ‘टेलनेट’ पद्धतीत तर परवलीचा शब्द पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जात असे. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणी चोरट्याने जाळ्यावर कान ठेवून असे शब्द गोळा केले. त्यानंतर तेथीलच टाटू युलोनेन यांनी सारा व्यवहार सांकेतिक लिपीत गुंडाळणारी ‘एसएसएच’ ही पद्धत लिहिली. आज जगभरच्या संगणकांची देखभाल तिच्यावरून चालते. तेव्हा पोस्टकार्डाचे बंद लखोट्यात रूपांतर झाले आहे, याबद्दल समाधान मानावयास हरकत नाही.

परंतु लखोटा कितीही मजबूत असला, तरी घरमालकानेच किल्ली परक्याच्या हाती दिल्यास त्याचा काय उपयोग? आपल्या देशात आज घडत आहे ते हेच. बँकेतून बोलत असल्याची बतावणी करणारा फोन येतो. खाते बंद पडेल, पैसे परत मिळावयाचे आहेत, अशी काही थाप असते. मदतीसाठी म्हणून एक अ‍ॅप उतरवून घेण्यास सांगितले जाते. मग त्यात दिसणारा नऊ अंकी आकडा वाचून दाखवण्यास, आणि शेवटी ‘परवानगी द्या’ असे लिहिलेल्या जागी दाबण्यास. त्या क्षणी समोरच्याला चित्र दिसू लागते आणि खूण करण्याचा अधिकार मिळतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की यात कोणतेही कुलूप फुटत नाही. हे अ‍ॅप खोटे नसते. परदेशातला मुलगा इथल्या आईच्या संगणकावरची अडचण ज्या अ‍ॅपने सोडवतो, तेच ते असते. यंत्राला मुलगा आणि भामटा यांतला भेद कळत नाही. तो भेद कळणारा एकच घटक या साऱ्या व्यवस्थेत आहे, आणि तो म्हणजे परवानगी देणारा माणूस.

आपल्या गावातील ज्येष्ठ सभासदांपैकी कित्येकांची मुले दूरदेशी आहेत. त्यांच्यासाठी ही सोय केवळ चैनीची नाही. आईला न दिसणारी फाइल सातासमुद्रापलीकडून शोधून देणे, वडिलांच्या पडद्यावरची अक्षरे मोठी करून देणे, ही आजच्या काळातील सेवाच होय. म्हणूनच भीतीपोटी ही सोय टाकून देणे हा मार्ग नव्हे. तिला शिस्त लावणे हा मार्ग आहे. ही शिस्त थोडक्यात सांगता येते. स्वतःहून फोन करणाऱ्या अनोळखी माणसाला अ‍ॅपमधला आकडा कधीही सांगू नये, मग तो कोणत्याही बँकेचे नाव घेवो. मुलाचे किंवा मुलीचे नाव सांगून कोणी मदत देऊ केली, तर फोन ठेवून आपल्याजवळच्या क्रमांकावर आपणच उलट फोन करावा. परवलीचा शब्द लांब असावा, दुसरीकडे कोठेही वापरलेला नसावा, आणि त्याच्या जोडीला मोबाइलवरची दुसरी खात्री असावी. टॅब्लेट हरवली, तर घरची किल्लीच हरवली असे समजून त्याच दिवशी दुसऱ्या यंत्रावरून तिची परवानगी रद्द करावी. घरचा संगणक इंटरनेटवर थेट उघडा ठेवू नये. काम आटोपल्यावर जोडणी तोडावी, कारण काही पद्धतींत दुरून चाललेले सारे काम घरच्या पडद्यावरही दिसत असते, आणि खोलीत असणारा कोणीही ते वाचू शकतो. एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पैसे वाटेत थोपवण्याची संधी पहिल्या काही तासांतच अधिक असते.

या ग्रंथालयाला शंभर वर्षे झाली. इतक्या वर्षांत पुस्तके असंख्य हातांत गेली आणि परत आली. ग्रंथपालाने सभासदाला ओळखावे, पुस्तक कोणाकडे आहे याची नोंद ठेवावी, आणि ते वेळेवर परत आले की ती नोंद मिटवावी, ही साधी रीत पाळली गेली म्हणूनच हे शक्य झाले. दूरस्थ संगणकाला याहून वेगळे शास्त्र लागत नाही. कोणाला आत घेतले हे ओळखावे, कोणाजवळ किल्ली आहे हे ठाऊक असावे आणि काम झाले की ती परत घ्यावी. ग्रंथालयाने आपल्या दुपारच्या वाचनवेळेत महिन्यातून एक दिवस ज्येष्ठ सभासदांना हे प्रत्यक्ष करून दाखवण्याचा उपक्रम सुरू केला, तर शताब्दीच्या वर्षात ग्रंथसेवेला साजेसे आणखी एक काम या वास्तूत उभे राहील. विश्वस्तमंडळाने त्याचा अवश्य विचार करावा, अशी विनंती करून हे विवेचन येथे पुरे करणे उचित होय.